मा. वनमंत्र्यांना खुले पत्र : निंदणीत जंगल कापले जात आहे

मा. वनमंत्री महोदय,
स. न.

आमच्या गावालगतच्या कुपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात) यंदा तोड झाली, तेव्हा ‘या खेपेला मिश्र रोपवन करू’ असा शब्द ग्रामसभेपुढे दिला गेला होता. जूनअखेरीस जडीचे (लावायच्या मूळ-खुंटांचे) गठ्ठे उतरले ते सगळे सागाचे. दोन बाय दोन मीटरवर, हेक्टरी २५००. शब्द देणारे साहेब बदलून गेले. आता तो कोणाकडे मागायचा?

साग परका नाही. ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, चार (चारोळीचे झाड) यांच्यात तो मुळातच उभा आहे. पण त्याला एकट्याला रेटले की तो इतरांना उठू देत नाही. हातभर लांब पानांचे छत्र मिळाले की खाली ऊन पोचत नाही. फेब्रुवारी-मार्चला तोच पाला वाळून वणव्याला वाट देतो. साग जळाला तरी बुडातून फुटतो. बीजाचे वीतभर रोप संपते. दर वणव्यागणिक साग वाढतो, बाकीचे घटतात. मग पावसाळ्यात रुंद पानावर साचलेला टपोरा थेंब उंचावरून उघड्या जमिनीवर आदळतो. जुन्या रोपवनात बुंध्याभोवती मुळे उघडी पडलेली दिसतात ती यामुळे.

तरी सागापेक्षा जास्त नुकसान निंदणी करते. मजुराला सांगणे एकच : ओळीतला साग ठेव, बाकी काप. त्या ‘बाकी’त तेंदूचे मुळातून आलेले फुटवे असतात, बीजाचा फुटलेला खुंट असतो. आपोआप उगवलेले जंगल मजुरी देऊन कापायचे आणि कागदावर त्याला तण म्हणायचे! मोह, चारोळी, तेंदूपान म्हणजे मार्च ते मे आमच्या घरातली चूल आहे, साहेब. पुढे पाचव्या-सहाव्या वर्षी निम्मी झाडे काढण्याची विरळणीही रखडते आणि उरलेसुरले ऊनही जाते.

मोहफुले वेचायला मोहाखालचा पाला आमची माणसेही पेटवतात. ते चूकच आहे. पाला झाडून घ्यायला ग्रामसभा तयार आहे. तुम्ही एवढे करा : निंदणी सागाभोवती अर्ध्या मीटरच्या आळ्यापुरतीच ठेवा, मधल्या पट्ट्यातला फुटवा राखा. मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरताना पुन्हा साग नको, मोह लावा. त्याची बी आत्ताच गळते आहे. ती साठवून टिकत नाही, ताजीच टोकावी लागते.

२०१९ साली ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले गेले. आकडा झाडांचा, जाती किती, हे कोण मोजतो? २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते, तरी कार्य आयोजना (वनखात्याचा जंगलाचा आराखडा) आमच्यापर्यंत येते ती छापून झाल्यावरच.

पहिली निंदणी या महिनाअखेरीस धरली आहे. आदेश त्याआधी निघाला पाहिजे. कुठला फुटवा कशाचा, हे मजुरांना दाखवायला आमच्या बाया रोज कुपात येतील.

आपले,
ग्रामसभा सदस्य, जि. गडचिरोली