विषय: श्वासाच्या मशीनची बॅग डिकीत टाकायला लावून भलत्याच थांब्यावर उतरवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

भाच्याच्या लग्नासाठी मी तुमच्या पुणे–शहादा स्लीपर गाडीने आलो. मला स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून माझा श्वास अडतो. सीपॅप मशीन मास्कमधून दाबाने हवा देते, तेव्हा श्वासाची वाट उघडी राहते. क्लीनरला हे सांगितले, डॉक्टरांची चिठ्ठीही दाखवली. "काका, बर्थवर बॅग चालत नाही," म्हणत त्याने ती डिकीत पार्सलच्या खोक्यांमागे ढकलली. रात्रभर मी पाठीला उशी लावून बसून होतो.

पहाटे शहाद्याला बॅग गायब. ती धुळ्यालाच उतरवली होती. तुमच्या ऑफिसातून उत्तर आले, "मशीन कसलं? मिक्सर का?"

दुसरे भाड्याने घ्यायचे होते, असेही तुमचा माणूस म्हणाला. मास्क चेहऱ्याच्या मापाचा लागतो आणि हवेचा दाब झोपेची तपासणी करून डॉक्टर ठरवतात. लग्नघरात हे ऐनवेळी कुठून आणणार? डॉक्टरांना फोन केला. उताणे झोपू नका, डोके उंच ठेवा, झोपेची गोळी आणि दारू अजिबात नको, असे त्यांनी बजावले. बहिणीने गोधडीची वळकटी पाठीशी लावून मला कुशीवर झोपवले. तरी मध्यरात्री धडपडून उठलो, तर शेजारच्या खाटेवरचे मामा विचारतात, "काय हुयनं रे भो?" सकाळी डोके जड, तोंडाला कोरड. वऱ्हाडाची गाडी मी चालवणार होतो. अशा झोपेनंतर स्टेअरिंगवर डुलकी लागते, म्हणून चावी दुसऱ्याला दिली. वरण-बट्टीच्या पंगतीतही पेंगत होतो.

लग्न उरकल्यावर बॅग मिळाली, तीही मशीनच्या पाण्याच्या टाकीला तडा गेलेली.

टाकीचा खर्च आणि तिकिटाचे पैसे मला परत हवेत. शिवाय वैद्यकीय उपकरण प्रवाशाजवळच राहील, अशी लेखी सूचना प्रत्येक गाडीवर द्या. मोबाईलच्या चार्जिंगवर हे मशीन चालेलच असे नाही, हे मला कळते. गाडीत ते चालवून द्या असे मी म्हणत नाही, फक्त हाताशी राहू द्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला,
एक प्रवासी, शहादा

सोबत: तिकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, तडा गेलेल्या टाकीचा फोटो, नव्या टाकीचे बिल