भिंत रंगवणाऱ्याचं नाव भिंतीवर येऊ द्या

संपादक महोदय,

स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की आमच्याकडे गावोगावच्या सरकारी भिंती रंगू लागतात. या भिंती रंगवणारी बरीच पोरं माझ्या हाताखाली शिकलेली आहेत, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत चांगली श्रेणी मिळवलेली. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मध्यंतरी त्यांतला एक जण पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर काम करत होता. गिलावा फुगलेला. त्यानं तो खरवडला, खड्डे भरले, निळीत बुडवलेला दोरा ताणून अक्षरांसाठी शिरोरेषा आखली. मग केळीच्या बागेला पाणी भरणारी बाई अशी काढली की सरीतलं तिचं प्रतिबिंब हलतंय असं वाटावं. चित्राखाली नावं आली ती पदाधिकाऱ्यांची आणि ठेकेदाराची. मी विचारलं, तर म्हणाला, "सर, आमले नाव टाकू देतस नही." मजुरी चौरस फुटावर, चित्र सुचलं त्याचा वेगळा पैसा नाही.

हाच मुलगा सारंगखेड्याच्या यात्रेत टॅटू काढतो, लग्नसराईत पत्रिका आणि बॅनर करून देतो. घरच्यांना वाटतं, पोरगा एका कामावर टिकत नाही. मला हे पटत नाही. रेषेवर हुकूमत आली की ती भिंतीवर, कातडीवर आणि संगणकावर सारखीच चालते. कातडीवर तर चुकलेल्या रेषेवर चुना मारता येत नाही, त्यामुळे हात तिथेच खरा तयार होतो. आपल्या आज्यांच्या हातांवर तुळस गोंदणाऱ्या बायकांचे हातही असेच तयार होते. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

अमेरिकेतल्या माइक जायंटनं ही तिन्ही कामं केली. अल्बुकर्कीत भिंतींवर स्वतःचं नाव रंगवणारा हा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत स्केटबोर्डच्या कंपनीसाठी चित्रं काढू लागला, पुढे टॅटूकार झाला आणि २००३ मध्ये 'रिबेल ८' हा कपड्यांचा ब्रँड सुरू करणाऱ्यांपैकी एक ठरला. भिंतींवरच्या अशा रंगकामाला ग्राफिटी म्हणतात आणि तिचा सगळा जोरच नावावर असतो. न्यूयॉर्कच्या एका पोरानं जागोजागी 'टाकी १८३' लिहिलं, तेव्हा १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला त्याची बातमी छापावी लागली. टाकी हे त्याचं टोपणनाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक.

दिसेल तिथे नाव लिहा, असं मी म्हणत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ मध्ये कोरलेलं नाव पाहिलं की मला आजही संताप येतो. तिथं त्याचं काहीच नव्हतं. इथं मात्र चित्र त्या पोराचं आहे.

आपल्याकडचे रणजित दहिया हरियाणात भिंतींना चुना मारायचे. चंदीगडच्या कला महाविद्यालयातून ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) पोचले. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके त्यांनी सोबत्यांसह रंगवले. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे म्हणून मी ते इथे लिहू शकलो.

नगरपालिकांनी पुढच्या निविदेत दोन अटी घालाव्यात. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, आणि संकल्पनेचा दर रंगकामाहून वेगळा. याला वेगळा निधी लागत नाही, ठरावात दोन ओळी लागतात. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे: रंगवलेल्या भिंतीचा फोटो छापाल तेव्हा ती कुणी रंगवली हे विचारून फोटोखाली नाव द्या.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. जळगाव