गरवण्याची दोरी आणि खोक्यावरचा आकडा

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

किनाऱ्यावरून हौसेने मासे गरवणाऱ्यांविषयी, म्हणजे गरीने (गळाने) पकडणाऱ्यांविषयी, आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. रॉड, रीळ आणि आमिष यांविषयी लेखकाने मन लावून लिहिले आहे. मात्र दोरीचा विषय त्यांनी ‘पन्नास पौंडांची ब्रेडेड दोरी भरावी, मग चिंता नाही’ (म्हणजे तेवढे वजन पेलणारी विणलेली दोरी) एवढ्यावर संपवला आहे, आणि सोबतच्या छायाचित्रात तीच दोरी थेट गरीला बांधलेली दिसते. दापोली आणि गुहागर तालुक्यांतील खडपांवर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळांवर, मी गेली बावीस वर्षे गरवतो आहे. हा सल्ला मानून जो नवशिक्या आमच्या खडपावर उभा राहील, त्याची महागाची दोरी आणि पहिला मोठा मासा एकाच दिवशी जाईल, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी वेळणेश्वरजवळच्या खडपावर, भरती चढत असताना, तीस पौंडांच्या ब्रेडेड दोरीला थेट गरी बांधून मी कोळंबी टाकली होती. तांबोशी (खडकाळ पाण्यातला एक तांबूस मासा) लागली आणि तिच्या स्वभावाप्रमाणे सरळ कातळाच्या बिळाकडे धावली. मी ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक, आवळला, दोरी कालवांच्या एका कडेवर घासली आणि हातातले वजन एकदम नाहीसे झाले, झटकाही बसला नाही. ओढून घेतलेले टोक पाहिले तर समईच्या जळक्या वातीसारखे पिंजलेले होते. दोष दुकानदाराचा नव्हता आणि दोरीचाही नव्हता. तिला जे काम जमत नाही ते मी तिच्याकडून करून घेत होतो.

ही दोरी, जिला आमच्याकडे सर्रास ‘ब्रेड’ म्हणतात आणि जिचा पावाशी काहीही संबंध नाही, पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचे चार किंवा आठ पेड विणून केलेली असते. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे ऐंशी मीटरांवर माशाने आमिष चोखले तरी बोटाला कळते. तीस पौंडांची ब्रेडेड दोरी साधारण 0.28 मिलिमीटर जाड असते, तर तेवढ्याच ताकदीचे नायलॉनचे तंगूस 0.55 च्या आसपास, म्हणजे दुप्पट जाड आणि रिळावर जवळपास चौपट जागा खाणारे. लांब फेक आणि रिळावर भरपूर दोरी या दोन गोष्टींसाठी ब्रेडेडला तोड नाही. पण ताणलेल्या अवस्थेत ती कातळावर घासली की एकेक तंतू तुटत जातो आणि बघता बघता सगळी दोरी जाते. चार पेडी दोरी आठ पेडीपेक्षा खरखरीत असली तरी घासणे थोडे अधिक सोसते. म्हणून खडपावर मी चार पेडीच घेतो, दुकानातला मुलगा काहीही म्हणो.

बेटकास्टिंग रीळ, म्हणजे ज्याचा स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) फेकताना स्वतः फिरतो ते, वापरणाऱ्याने आणखी एक सावधगिरी घ्यावी. अगदी बारीक ब्रेडेड दोरी सैल भरली असेल, तर मासा जोरात ओढू लागताच वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसतो आणि पुढच्या फेकीत दोरी मध्येच अडकून आमिषासकट शिसे (दोरीला लावलेले वजन) भलतीकडे उडते. काही रिळांत ती स्पूल आणि चौकट यांच्या फटीतही शिरते. म्हणून ती ओल्या फडक्यात धरून घट्ट भरावी, आणि मुळाशी नायलॉनचे दहा-बारा वेढे द्यावेत, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी दोरी एकसंध गरगर फिरते आणि आपल्याला मात्र ड्रॅग बिघडला असे वाटत राहते. फेकताना स्पूल अंगठ्याने आवरण्याचा ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने पहिले वर्षभर साधे 0.40 मिलिमीटरचे तंगूसच भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा गुंता झाला तरी तो वाळूवर बसून सुटतो. ब्रेडेडचा गुंता बहुधा सुरीनेच सोडवावा लागतो.

खडपावर खरे काम करतो तो दोरीचा पुढचा तुकडा, म्हणजे लीडर. मुख्य दोरी ब्रेडेड ठेवून पुढे जाड नायलॉन जोडले की घासणे ते सोसते, आणि तुटण्याआधी बरेच ताणले जात असल्यामुळे माशाचे हिसकेही पचवते. जड शिसे फेकणाऱ्यांत एक जुना हिशेब आहे: शिशाच्या दर औंसामागे, म्हणजे सुमारे 28 ग्रॅममागे, लीडर दहा पौंडांचा. चार औंसांचे शिसे असेल तर चाळीस पौंडांचा. लांबी एवढी असावी की फेकण्याच्या क्षणी त्याचे काही वेढे स्पूलवर असतील. बारा फुटी रॉडला चार वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पुरतात. हे टाळले तर फेकताना बारीक दोरी तुटून शिसे गोळीसारखे सुटते, आणि सुटीच्या दिवशी मागे-पुढे माणसे उभी असतात. लीडरसाठी नायलॉनऐवजी वापरतात त्या फ्लोरोकार्बनचे मात्र मला फारसे कौतुक नाही. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) 1.42 म्हणजे नायलॉनच्या 1.53 पेक्षा पाण्याच्या 1.33 ला जवळचा, म्हणून ते पाण्यात कमी दिसते, हे खरे. पण आमच्या खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत, तिथे दोरी लपवून काय मिळवायचे? निवळ पाण्यात आणि कृत्रिम आमिषावर ते घ्यावे.

आता खोक्यावरच्या आकड्याविषयी. पौंडांचा आकडा सगळीकडे एकाच अर्थाने छापलेला नसतो. 1939 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांसाठी दोरी ओली करून तपासतात, आणि त्या वर्गवारीची दोरी सांगितलेल्या वजनाच्या आत तुटली पाहिजे. इतर बहुतेक दोऱ्यांवरचा आकडा मात्र ‘किमान एवढे तरी पेलेल’ अशा अर्थाचा असतो. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर काही अंशी कमी ताकदीचे होते. त्यात गाठ कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच दोरी कमजोर होते, म्हणून आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करण्याची जुन्या माणसांची सवय योग्यच आहे. जपानी खोक्यांवर ‘पीई’ (पॉलिएथिलीनचे लघुरूप) लिहून पुढे जो आकडा असतो तो जाडीचा असतो: पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, पीई 2 म्हणजे 0.235, पीई 3 म्हणजे 0.285. माझा भरवसा या आकड्यावर, कारण घरच्या मायक्रोमीटरने तो निदान ढोबळ तरी ताडून पाहता येतो.

आपल्या बाजारपेठांत सुटी गुंडाळून विकली जाणारी दोरी पाहिली, तर तिच्यावर ना जाडी असते, ना आयात करणाऱ्याचे नाव. पॅकबंद वस्तूवर निर्मात्याचे वा आयातदाराचे नाव, परिमाण आणि किंमत असली पाहिजे, असे 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम सांगतात. गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून जाडी विचारायला सुरुवात केली, तर पुष्कळ फरक पडेल.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास एक सुधारणा अवश्य छापावी. खडपावर शिसे मुख्य दोरीला न बांधता दहा-बारा पौंडांच्या वीतभर तंगुसाने लटकवावे. शिसे फटीत अडकले की तेवढा तुकडाच तुटतो, गरी आणि मासा दोन्ही हाती येतात, आणि पन्नास वाव दोरी कातळात सोडून यावे लागत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर मी एका सकाळी अशी सोडलेली दोरी गोळा करायला बसलो, तेव्हा ओहोटी संपेपर्यंत माझी अर्धी पिशवी भरली होती, आणि त्यातली बहुतेक दोरी ब्रेडेड होती.

आपला,
एक नियमित वाचक, दापोली