शनिवारची फेरी ठरली आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई लगेच "अगं पण" म्हणाली असती आणि बाबांनी फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. तुमची इकडे कॅलिफोर्नियाला यायची तिकिटं काढली आहेत. 2 मेची. न विचारता काढली, हे चुकलंच माझं. पण विचारत बसले असते तर आधी वाळवणं, मग दादाकडचं, मग पाऊस, मग गौरी-गणपती, असं करत हेही वर्ष गेलं असतं. आई, पापड-कुरडया एप्रिलमध्ये होतात. आंबाही महिनाभर खाऊन निघता येईल. सगळा विचार केलाय गं मी.

बाबा, खरं कारण वेगळं आहे. मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट आवरताना तुमची छोटी निळी डायरी सापडली. मी ती वाचायला नको होती. दर पानावर तारीख, आईची फास्टिंगची शुगर आणि खाली एक ओळ. "आज पार्किंगमध्ये 47 गाड्या." दुसऱ्या दिवशी 44. मग पुन्हा 47. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना कासच्या पठारावर पालथं झोपायला लावून फुलं दाखवली, तो चार महिने माझ्या खिडकीत बसून गाड्या मोजत होता, आणि मी शनिवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसायचे. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. एकदा तरी रागवायचं होतं.

म्हणून शनिवारचं काम मी सोडलं. ऑफिसात तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, काळजी करू नका, नोकरी नीट आहे. आता शनिवारी आम्ही डोंगरापलीकडे फेल्टनला जातो. तिथं हेन्री काउवेल रेडवूड्स नावाचं स्टेट पार्क आहे. पार्कचे रेंजर आणि स्वयंसेवक लोकांना घेऊन रानातून हिंडतात, थांबून झाडं दाखवतात. आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, सगळी एकाच घोळक्यात. चिकू तिथं ज्युनिअर रेंजरमध्ये जातो, 7 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी असतं ते. पहिल्याच दिवशी परत येताना गाडीत म्हणाला, "आजोबांना हे सगळं येतं ना? मग ते का नाही आले?" मला उत्तर देता आलं नाही.

आता गुडघ्याचं. तिथली जुन्या झाडांची फेरी 0.8 मैलांची आहे, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालता, त्याहून कमीच. चढ अजिबात नाही, व्हीलचेअरसुद्धा जाते. वाटेत बाकं आहेत. सुरुवातीलाच स्वच्छ बाथरूम आहे, आई, मी आधी तेच बघून आले. सगळे थांबत थांबतच चालतात, त्यामुळे तुमच्यासाठी कुणी खोळंबलंय असं वाटणार नाही.

आणि झाडं! सगळ्यात उंच 277 फूट आहे. सगळ्यात जुनी झाडं चौदाशे ते अठराशे वर्षांची. एवढ्या झाडाचा बियांचा शंकू केवढा, तर ऑलिव्हएवढा, बोराएवढा म्हणा. साल फूटभर जाड होते, हात लावला तर नारळाच्या सोडणासारखी लागते, म्हणून वणव्यातही ही टिकतात. ऑगस्ट 2020च्या वणव्यात शेजारचं बिग बेसिन जवळजवळ सगळं जळलं. 1902 सालचं स्टेट पार्क ते, कॅलिफोर्नियातल्या स्टेट पार्कांमधलं सगळ्यात जुनं. आणि त्याच काळ्या खोडांना खालपासून वरपर्यंत हिरवे कोंब फुटले. आधी वाटलं शेवाळ आहे, जवळ जाऊन पाहिलं तर पालवी. मुळं फार खोल नसतात, पण लांबवर पसरून एकमेकांत गुंततात. म्हातारं झाड पडलं की बुंध्याभोवती केळीला पिलं फुटावीत तशी नवी झाडं गोल उभी राहतात. काही ठिकाणी तर पांढऱ्या पानांचं रेडवूड आहे, हरितद्रव्य नाही, आईझाडाच्या मुळांवर जगतं. हे कसं होतं ते चिकूला तुम्हीच समजावून सांगा, मला तुमच्यासारखं सांगता येत नाही.

झाडांखाली सगळीकडे तीन-तीन पानांची हिरवळ. मी खाली वाकले आणि तुमची आठवण आली, कारण ती आपल्या आंबुशीची चुलत बहीणच आहे. ऊन पडलं की पानं छत्रीसारखी मिटवते. आई, तुझ्यासाठी एक झाड आहे, बे लॉरेल. पान हाताशी घेतलं की अगदी मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र, फक्त वास दुप्पट. कूळ एकच. मला तिथं उभं असताना आपल्या मागच्या चुलीजवळचा रविवार आठवला. तू मोहरी टाकायचीस आणि मी ओट्याच्या कडेला लटकून खोबऱ्याचा तुकडा मागायची. इतकी मोठी झाले तरी अजून मागावासा वाटतो.

बाबा, कासला त्या किडे खाणाऱ्या दवबिंदूच्या रोपापाशी आपण किती वेळ बसलो होतो आठवतं? चिलट चिकटलं आणि मी रडायला लागले. तुम्ही उचलून खांद्यावर घेतलंत, पण दवबिंदूला काही बोलला नाहीत. म्हणालात, "त्यालाही भूक लागते." मागच्या महिन्यात चिकू एका वीतभर पिवळ्या गोगलगायीसमोर तसाच बसला होता. बिनशंखाची असते ती. मी घाई केली नाही.

आता ऐका, दोघंही. चालायचे बूट आत्ताच घ्या आणि घरात रोज अर्धा तास घाला, इथं येऊन नवे चावायला नकोत. बाबा, गुडघ्याचा पट्टा हँडबॅगेत. गोळ्या तीन महिन्यांच्या, चिठ्ठीसकट. आई, फेल्टनचा रस्ता खंबाटकीसारखा वळणांचा आहे, आलेपाक पर्समध्ये ठेव आणि रिकाम्या पोटी गाडीत बसायचं नाही. मे असला तरी झाडांखाली गार असतं, स्वेटर हवा, कानटोपीही. तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर हात लावायचा नाही, पॉयझन ओक आहे ते, खाजकुयलीपेक्षा वाईट. आणि बाबा, रुमालात बी बांधायचं नाही. तिथून पानसुद्धा उचलून आणायला बंदी आहे. चिकू रेंजर आहे, तो तुम्हाला पकडेल.

एक मोठं झाड आतून पोकळ आहे. शिरताना वाकावं लागतं, म्हणून तुम्हाला बाहेरच बसवणार होते. पण आत गेल्यावर सरळ उभं राहता येतं. हात धरून नेईन.

विम्याचे कागद दादाकडे पाठवलेत. जमणारच नसेल असं खरंच वाटलं तर सांगा, मी रागावणार नाही. पण आधी दोन दिवस विचार करा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. तुम्हाला चालता येत नाही म्हणून नाही. तिथल्या रांगा लांब असतात आणि आईला एकटीला बसायला संकोच वाटेल, म्हणून दोन सांगितल्या. निळी डायरी मी जपून ठेवली आहे, मागची पानं कोरी आहेत.