‘लक्ष दे’ म्हणण्याआधी लेकरांना कोरा कागद द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

लातूरला आमची अभ्यासिका आहे, नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी लेकरं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. त्यांना जो तो एकच सांगतो, मन एकाग्र कर. कसं करायचं ते मात्र कुणीच सांगत नाही.

पुस्तक उघडून तास होतो तरी पान तेच. मग आपण म्हणतो पोरगं आळशी आहे, मोबाईलनं वाया गेलं. मोबाईलचा त्रास आहेच, आम्ही तो दाराजवळच्या कप्प्यात ठेवायला लावतो, पण मोबाईल ठेवून आलेलं लेकरू सुद्धा भिंतीकडं बघत बसतंय त्याचं काय? त्याच्या डोक्यात गाव चालू असतंय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्याकडं किती शिवारं पाण्याखाली गेली, जमिनी खरडून गेल्या, आणि त्याच घरातली लेकरं इथं रूम करून ऑरगॅनिक केमिस्ट्री वाचायलीत.

एका मुलीला मी म्हणलं, डोक्यात जे जे चालू आहे ते सगळं लिही, अक्षर कसं का असेना. तिनं लिहिलं आणि स्वतःहून दाखवलं. मेसचे पैसे राहिलेत, बायोच्या टेस्टचा सिलॅबस कुणाला तरी विचारायचाय, चष्म्याची दांडी तुटली, आईचं गुडघ्याचं दुखणं, आणि सगळ्यात खाली, बापू फोनवर नीट बोलंनात. मग वरच्या तिन्हींपुढं तिनं कधी आणि कुणाला विचारून करायचं ते टाकलं, आईला दवाखान्यात न्यायला भावाला फोन करायचा असं ठरवलं.

हे मी मनानं सांगत नाही. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम दुसरं काही करताना मधे मधे डोकं वर काढतं, पण ते कधी आणि कसं करणार एवढं नक्की ठरवलं तरी मन त्याला सोडतं, काम लगेच पूर्ण व्हायलाच पाहिजे असं नाही. झोपेचं पण तसंच. २०१८ मधे बेलर विद्यापीठात झोपायच्या आधी ५ मिनिटं पुढची राहिलेली कामं लिहून काढणाऱ्या तरुणांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली.

आता बापू बोलंनात याचं प्लॅनिंग कसं करणार? होत नाही. अशी गोष्ट जशी वाटतेय तशी लिहून काढायची, बस. शिकागो विद्यापीठाच्या रामिरेझ आणि बाइलॉक यांनी, हे पण २०११ चंच, परीक्षेच्या आधी १० मिनिटं मुलांना परीक्षेबद्दलची भीती लिहायला लावली तर जी मुलं जास्त घाबरायची त्यांचे मार्क वाढले. भीती डोक्यातली जागा खाते आणि गणित करायला तीच जागा लागते हे त्यामागचं कारण. नीटला तर १८० मिनिटांत १८० प्रश्न, तिथं ही जागा फार महाग आहे.

म्हणून लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासवाल्यांना आपल्या पेपरातून कळकळीची विनंती आहे, टेस्टच्या आधी १० मिनिटं कोरा कागद द्या. तो गोळा करू नका, वाचू नका, लेकरांना फाडून टाकू द्या, नाहीतर ती खरं लिहिणारच नाहीत. नीटच्या हॉलमधे स्वतःचा कागद नेता येत नाही आणि गेट आधीच बंद होतं, त्यामुळं त्या दिवशी हे रूमवरच उरकून निघायला सांगा. पालकांनी पण एवढं करावं, घरची अडचण लपवू नका पण पेपरच्या आदल्या रात्री फोनवर आडतीचा हिशोब काढू नका.

आणि लिहूनही ज्याचं मन हलकं होत नाही, जेवण झोप तुटलीय, त्याला कागदावर सोडू नका. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक अभ्यासिकेच्या आणि मेसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, आम्ही लावलाय.

आपली,
एक अभ्यासिका चालक, लातूर