शनिवारचं एक प्रकरण

डोंबिवली
शनिवार, रात्री साडेनऊ

प्रिय बायो,

परवा फोनवर तू म्हणालीस, की महिन्याभरात मोबाइलवर चौदा कादंबऱ्या वाचून झाल्या, सगळ्या प्रेमाच्या, सगळ्या स्वच्छ, आणि आता विचारलं तर एकाही नायिकेचं नाव आठवत नाही. मग आवाज खाली आणून विचारलंस, "या वयात असलं वाचत बसते, माझं काही चुकतंय का गं?" तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. प्रश्न माझ्याकडेच राहिला. तेव्हापासून तो डोक्यात घोळतोय, म्हणून हे पत्र.

आधी एवढं लिहून टाकते, की अशा कादंबऱ्या मीही वाचते, मनापासून वाचते, आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही. "स्वच्छ" हा शब्द तू वापरलास, तेव्हा मला आपल्या चाळीतली गॅलरी आठवली. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, तिथे लपवून काही वाचायला जागा होती कुठे? शनिवारी आई मला नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पिटाळायची, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून. ती संस्था १८९८ सालची आहे हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा फक्त जिन्याचा गारवा आणि जुन्या कागदाचा वास कळायचा. रात्री जेवणं आटपली की आई गॅलरीत बसून मोठ्यानं वाचायची, आणि तुझी आई, कोपऱ्यातल्या काकू, आणखी दोघी-तिघी उद्याची भाजी निवडत ऐकायच्या. कधी फडके, कधी खांडेकर, कधी दिवाळी अंकातली लांबलचक कथा. माझ्या लेखी स्वच्छ कादंबरीची खूण तीच राहिली आहे. वाचणारीला मध्येच आवाज खाली आणावा लागत नाही, आणि ऐकणारीच्या मांडीवरचं पोर उठवून आत पाठवावं लागत नाही.

आणि अशा गोष्टीत लेखकाला फार कष्ट पडतात, बायो. मिठी शेवटच्या पानापर्यंत लांबणीवर टाकायची, तर मधली तीन-चारशे पानं भरायची कशानं? माणसांच्या वागण्यानंच भरावी लागतात. तो नोकराशी कसा बोलतो, आईसमोर कसा बसतो, पैसा गेला की त्याचं तोंड कसं होतं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिनं "नाही" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तो काय करतो. आपल्याकडे स्थळ आलं की घरचे चौकशीला निघायचे, गावात, कामाच्या ठिकाणी, शेजारीपाजारी. चांगली प्रेमकथा वाचणं मला तसंच वाटतं. आपण त्या माणसाची चौकशी करत असतो. तू दोन दिवसांत कादंबरी संपवतेस, म्हणजे चौकशी न करताच लग्नाला जाऊन जेवून येतेस. मग नाव लक्षात कसं राहणार?

आता गेल्या वर्षभराचं सांगते. आईचे डोळे अधू झाल्यापासून तिचं वाचन बंद पडलं. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण आयुष्यभर हातात पुस्तक असायचं. ते गेल्यावर ती नुसती बसून राहायला लागली. मी ठरवलं, दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता तिला एक प्रकरण सांगायचं. एकच. पुस्तक निवडलं ते इंग्रजी, एलिझाबेथ गॅस्केलचं 'नॉर्थ अँड साउथ'. शुक्रवारी रात्री मी प्रकरण वाचून ठेवायची आणि शनिवारी पुस्तक मांडीवर घेऊन मराठीत सांगायची. माझ्या प्रतीत ५२ प्रकरणं आहेत, वर्षाच्या आठवड्यांइतकी.

हेच का, तर ती गोष्ट मुळात आठवड्याआठवड्यानं वाचली गेलेली आहे. चार्ल्स डिकन्स 'हाउसहोल्ड वर्ड्स' नावाचं दोन पेनीचं साप्ताहिक चालवायचा. त्याच्या अंकांवर शनिवारचीच तारीख असायची. त्यात सप्टेंबर १८५४ पासून जानेवारी १८५५ पर्यंत ही कादंबरी क्रमशः आली. मार्गारेट हेल ही दक्षिण इंग्लंडमधल्या एका हिरव्या खेड्यातली पाद्र्याची मुलगी. वडील धर्मशंकेमुळे नोकरी सोडतात आणि कुटुंब धुराच्या, गिरण्यांच्या मिल्टन शहरात येतं. ते शहर म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर, जिथे गॅस्केलबाई स्वतः राहायच्या. तिथला तरुण गिरणीमालक जॉन थॉर्नटन तिच्या वडिलांकडे शिकायला येतो. मार्गारेटला तो रुक्ष आणि कठोर वाटतो, त्याला ती गर्विष्ठ वाटते. आणि मग संप होतो.

संप म्हटल्यावर आई खुर्चीत सरळ झाली. तुला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२, आपल्या मुंबईतल्या गिरण्यांचा संप, अडीच लाख माणसं, आणि भोंगा बंद झाल्यावर पहाटेची ती विचित्र शांतता. मला तेव्हा बारावं वर्ष होतं. गंमत बघ, मुंबईत कावसजी दावरांनी ताडदेवच्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली तीही १८५४ साली. म्हणजे तिकडे लोक दर आठवड्याला ही गोष्ट वाचत होते, त्याच वर्षी आपल्या बापजाद्यांना कोकणातून ओढून आणणारी पहिली गिरणी कागदावर उतरली होती. यंत्रंही लँकेशायरहूनच यायची. मी हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग ती बाई आपलीच की."

बेसी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी त्यात आहे, गिरणीत काम करून छाती भरलेली. कापसाचा बारीक तूस हवेत उडतो, तो श्वासातून फुप्फुसात बसतो. तूस ओढून घेणारा मोठा पंखा बसवता येतो, पण त्याला पैसे पडतात म्हणून बरेच मालक बसवत नाहीत. आणि बेसी सांगते, की काही कामगारांनाही पंखा नको असतो. इतकी वर्षं तूस गिळायची सवय झालेली, तो थांबला की भूक जास्त लागते. हे वाक्य मराठीत सांगताना माझा आवाज थांबला. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग तुझ्या आप्पांचं नाव घेतलं. त्यांचा तो पहाटेचा खोकला भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचा. कामावर निघायच्या आधी ते गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहायचे, खोकला थांबेपर्यंत. तुला दुखेल हे माहीत असून लिहितेय, कारण आईनं त्या शनिवारी पुढचं ऐकायला नकार दिला आणि तुला हे कळायला हवं असं मला वाटतं.

पण मला तुला सांगायचं आहे ते द्राक्षांचं.

संपात जमाव थॉर्नटनच्या घरावर चालून येतो. मार्गारेट त्याच्या आडवी उभी राहते आणि कुणीतरी भिरकावलेला दगड तिला लागतो. दुसऱ्या दिवशी तो लग्नाचं विचारायला येतो. ती तोडून टाकल्यासारखं नाही म्हणते, जवळजवळ अपमानच करते. तोही सांगून जातो, की माझं प्रेम तुझ्या उत्तरावर थांबणारं नाही. इथपर्यंत कुठल्याही कादंबरीत होईल. यानंतर त्याला डॉक्टरकडून कळतं, की मार्गारेटच्या आजारी आईला फळं खावीशी वाटतायत. तो शहरातल्या चांगल्यातल्या चांगल्या फळवाल्याकडे जातो, लव न पुसलेली जांभळी द्राक्षं निवडतो, पीच निवडतो. दुकानदार विचारतो, कुठे पोचवू? हा म्हणतो, करंडी इकडे द्या, मीच नेतो, आणि भर बाजारातून, गिरणीमालक असून, चालत ती त्या घरी नेतो. आजारी बाईच्या पुढ्यात ठेवतो आणि निघतो. मार्गारेटकडून त्यानं काही मागितलेलं नसतं.

आईनं विचारलं, "चालत गेला? गाडी नव्हती?"

"होती गं. चालत गेला."

"मग चांगला आहे," आई म्हणाली. तिच्या चौकशीत तो त्या दिवशी पास झाला. ते प्रकरण २७, आणि तोपर्यंत तिनं इतके महिने त्याला "तो गिरणीवाला" याखेरीज नाव दिलं नव्हतं. त्या शनिवारपासून तो "आपला जॉन" झाला.

नंतरचा अख्खा आठवडा मी ती करंडी डोक्यात घेऊन फिरले. लोकलमध्ये, भाजी आणताना. आणि बुधवारी की गुरुवारी मला बाबांची आठवण आली. संपात ते गावी गेले होते, आपल्या बहुतेकांचे गेले होते तसे. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. पण एसटीनं मुंबईला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर काही ना काही यायचं. पानाच्या द्रोणात करवंदं, कधी सोलं, कधी फणसाचे गरे वर्तमानपत्रात बांधून. आई ते आम्हाला वाटायची आणि कागद मात्र घडी करून ठेवायची. कशाला ठेवते असं तेव्हा मला वाटायचं. मी तेच प्रकरण एका बैठकीत ओलांडून पुढे गेले असते, तर मला ते कागद आठवलेच नसते. दोन शनिवारांच्या मधले सहा दिवस, बायो, वाचनच असतं ते. फक्त पुस्तक मिटलेलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तू वाचशील अशी मला आशा आहे. मार्गारेट भावाचा जीव वाचवायला पोलिसाशी खोटं बोलते. थॉर्नटनला ते खोटं आहे हे माहीत असतं, आणि तो मनात भलतीच शंका धरूनही तिला वाचवतो. बेसीच्या बापाला, संपातल्या पुढाऱ्याला, आधी हाकलून दिलेलं असतं, त्याच्या घरी जाऊन तो चूक कबूल करतो आणि कामावर घेतो. कामगारांसाठी स्वयंपाकघर निघतं आणि एक दिवस मालक त्यांच्यात बसून जेवतो. आईनं त्या दिवशी मला आपल्या खानावळीतल्या ताटांचा हिशेब अर्धा तास ऐकवला. या माणसाला नायिकेनं अजून होकारही दिलेला नाही, आणि तरी आम्ही दोघी त्याला आमच्या घरातली मुलगी द्यायला तयार होतो.

आता शेवटची गंमत, आणि ही ऐकून मला खरंच भरून आलं. मागच्या शनिवारी बावन्नावं प्रकरण झालं. ते दोघं शेवटी एकमेकांना कसे भेटतात आणि तो खिशातून कोणती सुकलेली फुलं काढतो, ते मी लिहीत नाही. आईला आवडलं. डोळे पुसले. मग जरा वेळानं म्हणाली, "पण एवढ्या घाईत का गुंडाळलं गं? इतकं थांबवलं आम्हाला, मग शेवटी दोन घटका बसू द्यायचं होतं त्यांना."

मी पुस्तक उघडून पहिल्या आवृत्तीची लहानशी प्रस्तावना शोधली. गॅस्केलबाईंनी तिथे हेच लिहिलं आहे. साप्ताहिकाच्या अटींमुळे आपल्याला शेवटाकडे घटना न पटण्याइतक्या भराभर पळवाव्या लागल्या, म्हणून पुस्तक करताना काही मजकूर आणि काही नवी प्रकरणं घातली. डिकन्स संपादक म्हणून आवरतं घ्या म्हणत होता. त्यानंच नावही बदलायला लावलं, बाईंना नुसतं 'मार्गारेट हेल' हवं होतं. मी हे आईला मराठीत वाचून दाखवलं. ऐंशी वर्षांची, गिरणगावातल्या खोलीत आयुष्य काढलेली माझी आई, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती लेखिका, दोघींची तक्रार एक. आई म्हणाली, "बघ, तिलाही घाई नको होती."

तर तुझ्या प्रश्नाचं असं आहे. वाच तू, हव्या तितक्या वाच. पण एक पुस्तक तरी असं ठेव, जे दर शनिवारी एका प्रकरणानंतर मिटायचं. पहिले तीन-चार आठवडे हात शिवशिवतो, पुढचं पान उलटावंसं वाटतं. माझीही दोनदा फसगत झाली, रात्री उठून पुढचं वाचलं, आणि शनिवारी आईला सांगताना माझ्या आवाजातली उत्सुकताच गेली. आईनं ओळखलं. म्हणाली, "तू पुढचं वाचलंयस."

आज बावन्न संपल्यानंतरचा पहिला शनिवार होता. मी काही ठरवलं नव्हतं, पण सात वाजता आई खुर्ची खिडकीपाशी ओढून बसली, पदर नीट केला आणि वाट बघू लागली. मी घाईघाईत कपाटात शोधलं, मनासारखं काही सापडलं नाही. मग तुझी आठवण काढली. चौदामधली एक तरी अशी असेल, जिच्यातला माणूस तुला चालत करंडी घेऊन जाईलसा वाटतो. ती निवड. पुढच्या शनिवारपासून तू फोनवर सांगायचं आणि आम्ही दोघी ऐकायचं, स्पीकर लावून. भाजी निवडायला मी गवार आणून ठेवते.

सातला बरोबर फोन कर. आणि पुढचं वाचून ठेवू नकोस, आईला कळतं.

तुझीच,
खोली नंबर अकरामधली