आधी एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर

प्रिय दोस्ता,

परवा तुझा मेसेज आला, पोरीला नववं लागलंय, तिला इलेक्ट्रॉनिक्सचं किट घ्यायचंय, कुठलं घेऊ, आणि खाली तीन लिंका. मी लगेच काही बोललो नाही कारण हे दोन ओळीत सांगायचं काम नाही. तुला माहितीये गेली दोन वर्षं दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या इथली पाचवी ते सातवीची दहाबारा पोरं दुकानात येऊन बसतात आणि मी रिपेअरिंगचं काम बाजूला ठेवून दोन तास त्यांच्यात असतो, त्यामुळे आता जे सांगतोय ते सगळं त्यांच्याकडूनच शिकलोय.

किट आत्ता घेऊ नको. वाईट असतात असं नाही, पण त्यात काय होतं बघ, चित्रात दाखवलंय तसे तुकडे टकाटक बसवायचे, बटण दाबलं की सायरन वाजतो, पोर खूश, आणि का वाजला विचारलं की तोंडाकडे बघतं. पहिले तीनचार आठवडे मी पण हेच केलं, एका पालकाने आणून दिलेलं महागातलं किट होतं, पोरांनी सगळी चित्रं बसवून संपवली. मग मी त्यातलाच बल्ब काढून एकाच्या हातात दिला आणि म्हटलं आता नुसत्या सेलवर पेटव, तर जमेना. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं रे, आपण एवढे दिवस यांना काय दिलं म्हणून.

तेव्हापासून मी सुरुवात बदलली. एक जाडा सेल, टॉर्चचा जुना फिलामेंटवाला बल्ब आणि वीतभर वायर, दोन्ही टोकं सोललेली. होल्डर नाही, टेप नाही, चित्र नाही. पेटव म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड आहे, तुला तर फारच जाईल, तू लगेच हात घालशील. अरे अमेरिकेत एमआयटीत पदवीदानाच्या दिवशी झगे घालून उभ्या असलेल्या पोरापोरींना हेच तीन जिन्नस दिले होते आणि त्यातल्या कित्येकांना बल्ब पेटवता आला नव्हता, मग आपल्या नऊ वर्षाच्या पोरीला अर्धा तास लागला तर लागू दे की.

जवळजवळ सगळी पोरं आधी एकच करतात, वायरचं एक टोक सेलच्या डोक्याला आणि दुसरं बल्बच्या बुडाला. त्यांच्या मते वीज सेलमधून निघते, बल्बात जाते, तिथं संपते. नळातून बादलीत पाणी पडतं तसं. आमच्याकडे एक सहावीतली पोरगी आहे, फार बोलत नाही. तिने पंचवीस मिनिटं वायर इकडून तिकडून लावून बघितली, मग बल्ब डोळ्याजवळ नेऊन आतली तार कुठं जाते ते बघत बसली. त्या तारेचं एक टोक खाली बुडाच्या ठिपक्याला जातं आणि दुसरं बाजूच्या पत्र्याला, हे तिने स्वतः शोधलं, कुणी सांगितलं नाही. मग बल्ब सेलच्या डोक्यावर उभा धरला, वायर सेलच्या खालून वाकवून वर आणली आणि बल्बच्या पत्र्याला टेकवली. मंद पिवळा पेटला. 'पेटलं की ओ काका!' एवढंच म्हणाली आणि लगेच वायर काढली, परत लावली, परत काढली, दहा वेळा तरी. मी तिच्याकडे बघत होतो, तिला बल्ब पेटल्याचा आनंद नव्हताच, आपल्याला हवा तेव्हा पेटतो याचा होता.

आणि म्हणून फिलामेंटचाच बल्ब पाहिजे, एलईडी नको. एलईडीला सरळ उलटं असतं, उलटा लावला की पेटत नाही, शिवाय एका दीड व्होल्टच्या सेलवर तो पेटतच नाही, लाल असला तरी त्याला दोनच्या आसपास व्होल्ट लागतात. पहिल्याच दिवशी पोराचं बरोबर असून पेटलं नाही तर ते समजतं आपलंच चुकलं.

आता ती बादलीवाली समजूत बल्ब पेटला तरी जात नाही बरं का. पोरं म्हणतात जायला आणि परत यायला दोन वाटा लागतात हे कळलं, पण परत येताना करंट कमी येत असेल, थोडा बल्बने खाल्ला ना. आपल्याकडे आठवीच्या पुस्तकात धाराविद्युतचा धडा आहे, विभवांतर म्हणजे व्होल्टेज वगैरे सगळं आहे, पण हा प्रश्न पोराच्या डोक्यात तसाच राहतो आणि ते व्याख्या पाठ करून पुढं जातं. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोरी. कपडे वाळत घालायची दहाबारा मीटर दोरी घेतो, टोकाला गाठ मारून रिंगण करतो, पोरं गोल उभी राहतात आणि दोरी सगळ्यांच्या मुठीतून सैल जाते. एक पोर सेल, ते दोरी ओढत एका बाजूनं फिरवत राहतं. दुसरं एक बल्ब, त्याने मूठ जरा आवळायची. दोन मिनिटात बल्बवालं पोर ओरडतं हात तापला हात तापला! मग विचारायचं, दोरी कमी झाली का? नाही. जेवढी तुझ्या हातात आली तेवढीच गेली ना? हो. मग तापलं कशाने? आणि ते स्वतःच सेल झालेल्या पोराकडे बोट दाखवतं, ह्यो दमतोय ना. झालं, करंट आणि ऊर्जा यातला फरक इथं कळला, एकही शब्द पाठ न करता. आणखी एक, दोरी ओढली की समोरच्या टोकाच्या पोराच्या मुठीत ती त्याच क्षणी हलते. तारेतले इलेक्ट्रॉन खरंतर इतके हळू सरकतात की आपल्या या टॉर्चच्या वायरीत सेकंदाला एक मिलिमीटर सुद्धा होत नाही, तरी बल्ब लगेच लागतो, कारण तार आधीपासूनच भरलेली असते. सायकलच्या चेनसारखं, पायडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं, पुढची कडी मागं पोचायची वाट बघत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. दोरीचा खेळ झाल्यावर पाचवीतला एक बारका, त्याच्या घरी द्राक्षबाग आहे, म्हणाला, काका तुम्ही म्हणता गोल पुरा झाला नाही तर करंट जात नाही, मग आमच्या चुलत्याला मोटर चालू करताना एकाच वायरीचा शॉक बसला, तिथं गोल कुठं होता?

मी दोन मिनिटं काही बोललो नाही. इतकी वर्षं हे काम करतोय, पण लहानपणी मला स्वतःला हा प्रश्न पडला नव्हता. मग सगळ्यांना घेऊन चालत डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबापर्यंत गेलो, लांबूनच दाखवलं, खांबावरून एक पट्टी खाली येऊन जमिनीत जाते बघा, तिथं खड्डा करून मीठ कोळसा घालून ती पुरलेली असते. म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी तार, जमिनीला जोडलाय. आता चुलता ओल्या सऱ्यात अनवाणी उभा, हात फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला लागला, करंट हातातून, छातीतून, पायातून जमिनीत आणि जमिनीतून परत डीपीला. गोल पुरा झाला, आणि त्या गोलातला बल्ब कोण होता? सगळी पोरं गप्प. एवढ्यात वर तारेवर कावळा बसलेला, सहावीतली तीच पोरगी हळूच म्हणाली, त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत म्हणून त्याला काय होत नाही.

दोस्ता, तुला माहितीये आपल्याकडे शेतीला लाईट कधी रात्री येते कधी दिवसा, आणि माणसं अंधारात, चिखलात जाऊन स्टार्टर दाबतात. या पोरांना बोर्डाला हात लावू नको हे शंभर वेळा सांगून झालेलं असतं, पण का ते त्या दिवशी कळलं. पुढच्या शनिवारी बारक्याने सांगितलं की त्याने वडिलांना स्टार्टरजवळ लाकडी फळी टाकायला लावली आणि पायात रबरी चप्पल घालूनच जायचं म्हणून हट्ट धरला. तुझ्या पोरीला पण हे डोळ्यासमोर दाखव, फक्त दीड व्होल्ट नऊ व्होल्ट हे खेळायचं आणि भिंतीतलं दोनशे तीस व्होल्ट हे कधीच नाही, मोबाईलची जुनी बॅटरी पण नाही, ती फुटते, पेटते.

पुढचं सगळं भराभर येतं. नऊ व्होल्टवर मी पहिल्यांदा पोरांना एलईडी डायरेक्ट लावू दिली होती, सहा गेल्या, एक क्षण झगझगीत आणि मग काळ्या. मग कागदावर पेन्सिलने जाड गडद पट्टी काढायला लावली, बॅटरी, एलईडी आणि मध्ये ती पट्टी. पेन्सिलच्या शिशातून करंट जातो, पण अडखळत. वायरीचं टोक पट्टीवर लांब नेलं की एलईडी मंद, जवळ आणलं की उजळ, पट्टी अजून गडद केली की अजून उजळ. पोरांनी रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा तुकडा, स्वतः काढला! त्यानंतर खरा हातात दिला, त्यावरचे पट्टे पिवळा जांभळा तपकिरी म्हणजे चारशे सत्तर ओहम. नऊतून एलईडीचे दोन गेले, सात उरले, सातला चारशे सत्तरने भागलं की पंधरा मिलिॲम्पिअर, एलईडी आरामात जगते. भागाकाराला कंटाळणारी पोरं हा भागाकार भांडून करतात.

मोटर करायची तर आपल्या मोटर भरणाऱ्याकडून उरलेली तांब्याची वायर आण, फुकट देतो. सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि दहा वेढ्याची कॉइल, ही अरविंद गुप्तांची मोटर, त्यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून कचऱ्यातून अशी शेकडो खेळणी केली. वायरीवर मुलामा असतो, तो एका टोकाचा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा अर्धाच, आणि अर्धाच का हे तिला विचारायचं, सांगायचं नाही. लिंबाची बॅटरी करशील तर वीज लिंबात असते असं मात्र पक्कं होऊ देऊ नको, झिजतं ते लिंबात खोचलेल्या खिळ्यावरचं जस्त.

आमची पोरं आता बीसी पाचशे सत्तेचाळीस ट्रान्झिस्टरवर आलीत, बारक्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा तुकडा. पाण्याची टाकी भरली की बझर वाजवणारं सर्किट केलंय, दोन वायरी टाकीच्या वरच्या कडेला, पाणी टेकलं की वाजतं. तीन घरी बसवलंय आणि एका घरी वाजेना तर पोरं मल्टीमीटर घेऊन गेली, वायर वायर तपासत, शेवटी गंजलेलं टोक सापडलं. आपण दोघांनी तुमच्या बंद टेप रेकॉर्डरची मोटर काढून पेन्सिल सेलवर फिरवली होती आठवतंय? आपल्याला कुणी सांगायला नव्हतं, पण कुणी हातातून काढून पण घेतली नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला कलबाग सरांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचारातून, हाताने करत करत शिकायचं.

तर आता एक काम कर. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाशील तेव्हा अडीच व्होल्टचे फिलामेंटवाले टॉर्चचे बल्ब मिळतात का बघ, इथं सगळे टॉर्च एलईडीचे झाल्यापासून ते बल्ब मिळणंच बंद झालंय आणि माझ्याकडे चारच उरलेत. मिळाले तर तीस घे, पाच तुझ्या पोरीला ठेव, बाकीचे एसटी पार्सलने पाठव, पैसे लगेच टाकतो. आणि तिचा बल्ब पेटला की तिला मला फोन करायला सांग. वायर कुठं लावली ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय, तू मध्ये बोलू नको.

तुझाच